बॉयलरला स्वेटर

उष्णता म्हणजे काय, ती कुठून पळते आणि तिला कशी धरून ठेवायची, हे या जगात फार थोड्या माणसांना कळतं. त्यातला एक मी! उगाच फुशारकी मारत नाही. शीतगृहांच्या भिंती, कारखान्यांची छपरं, वाफेचे पाइप अशा सगळ्यांना आवरण घालणाऱ्या कंपनीत मी नोकरीला आहे. आता, प्रत्यक्ष आवरण घालणारी आमची माणसं वेगळी. मी टेबलाशी बसून कुठे किती जाड लागेल ते ठरवतो. पण म्हणून काय झालं? सेनापती कधी स्वतः खंदक खणतो का?

हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे घडलं त्यावरून काही लोकांचा माझ्या ज्ञानाबद्दल गैरसमज झालेला आहे.

तर, आमच्या हिचं कॉफीवर अतोनात प्रेम. माझ्यावरही असावं, पण कॉफीवरचं चटकन दिसतं! लग्नाआधी ती एका कॉफीच्या दुकानात काम करायची आणि तेव्हापासून तिच्या मनात एकच होतं, स्वतःचं एक छोटंसं काउंटर. आता तसा योग आला होता. आमच्या गल्लीच्या टोकाला वाचनालय आहे. तिथल्या पुढच्या दालनात एक कोपरा रिकामा झाला आणि तो कॉफीच्या काउंटरला द्यायचा, असं ग्रंथपालबाईंनी ठरवलं. मागणारे दोघंच. एक ही, आणि दुसरा कोण, तर बटण दाबलं की कागदी पेल्यात कॉफी ओतणारी यंत्रं बसवणारा एक गृहस्थ. त्याची कॉफी बाईंची पिऊन झाली होती. रविवारी सकाळी त्या आमच्या घरी येऊन हिच्या हातची पिणार होत्या आणि तिथल्या तिथे निकाल!

"हे एवढं एक मिळावं असं फार वाटतंय हो मला," ही म्हणाली.

आमची ही काही मागणाऱ्यातली नाही. मी लगेच छाती पुढे काढली.

"मिळालंच समज! मी आहे ना!"

"त्याचीच थोडी काळजी आहे," ती म्हणाली. मी ते मनावर घेतलं नाही.

एक कॅफे बंद होत होता, तिथून आम्ही जुनं एस्प्रेसो मशीन उचलून आणलं. उचलून म्हणजे अक्षरशः! ते जिन्यावरून चढवताना माझ्या कमरेतून असा आवाज आला, की हिला वाटलं मशीनचाच काहीतरी भाग तुटला. आई दारात उभीच होती.

"अरे, हे काय इंजिन आणलंस? रूळ कुठे टाकणार आहेस?"

"आई, हे कॉफीचं मशीन आहे."

"कॉफी पातेल्यात होते," आई म्हणाली आणि आत गेली. त्या विषयावर तिला आणखी काही म्हणायचं नव्हतं.

मशीन उघडलं. आतून काळं पाणी, एक मेलेलं झुरळ आणि कुणाचा तरी चमचा निघाला. बॉयलरच्या पोटात पाण्याच्या क्षारांचा असा थर बसला होता, की त्यावर घर बांधता आलं असतं. ही रोज संध्याकाळी लिंबाच्या सत्त्वाचं पाणी त्यात भरायची, उकळायची, ओतायची, पुन्हा भरायची. रबराच्या चकत्या वाळून बिस्किटासारख्या झाल्या होत्या, त्या आम्ही नव्या घातल्या. दाब दाखवणारा काटा तेवढा हिरव्या पट्ट्यात कायमचा अडकलेला होता. तो मी तसाच ठेवला. घरात कुणीतरी सदा समाधानी असलेलं बरं! कामं आम्ही वाटून घेतली होती. ही दुरुस्ती करायची आणि मी मार्गदर्शन करायचो.

शुक्रवारी संध्याकाळी त्यातून पहिली कॉफी आली. दाट, तपकिरी, वर सोनेरी साय आल्यासारखी! हिने एक घोट घेतला, डोळे मिटले आणि नुसती हसली.

"झालं," ती म्हणाली. "आता याला कुणी म्हणजे कुणी हात लावायचा नाही."

'कुणी'वर जोर देताना तिने माझ्याकडे का बघितलं, कोण जाणे.

पण मला झोप लागेना हो! तो तांब्याचा बॉयलर आत उघडाबंब बसलेला, अंगावर चिंधी नाही, आणि त्याची उष्णता माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत, मोकाट उंडारतेय! उद्या हे चार लोकांना कळलं तर कंपनीत तोंड दाखवायला जागा उरली नसती. सकाळी मी विषय काढला.

"याला आवरण घालायला हवं."

"अहो, चालतंय ना ते?"

"चालतंय! पण वीज किती खातंय? ग्रंथपालबाई विजेचं विचारणारच. तेव्हा तू काय सांगणार?"

"रविवारनंतर घाला. आवरण घाला, टोपी घाला, मोजे घाला. आत्ता नको."

"बरं," मी म्हणालो, आणि मनापासून म्हणालो. पण दुपारी ही कॉफीच्या बिया आणि दूध आणायला बाहेर पडली, आणि नेमकी माझ्या कपाटात ऑफिसातून आणलेली ग्लासवूलची गुंडाळी होती. नमुन्याची. ही ग्लासवूल म्हणजे काचेच्या बारीक तंतूंची लोकर. पिवळीधमक, म्हातारीच्या केसांसारखी मऊ! पाकिटावर छापलेलं असतं, 'हातमोजे घाला, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, ते कपडे वेगळे धुवा.' मला पाठ आहे. ती सूचना मीच लिहिलेली आहे. पण सूचना वाचणाऱ्यांसाठी असते, लिहिणाऱ्यांसाठी नव्हे!

बैठकीच्या खोलीत सोफ्याला टेकून, बनियनवर बसून मी ते काम केलं. मधे येणाऱ्या दोन-चार वायरी सोडवल्या, बॉयलरला लोकर छान गुंडाळली, वरून चकचकीत कागद लावला, तारेने आवळलं, वायरी लावल्या, झाकण बंद. बाळाला स्वेटर घालून शाळेत पाठवल्यासारखं वाटलं मला.

हात जरा चुरचुरत होते, कपड्यांवर थोडी पिवळी भुकटी पडली होती. म्हटलं, धुऊन टाकू. आणि धुतोच आहे, तर पाहुणे येणार म्हणून हिला मदतही करू! मी माझ्या कपड्यांबरोबर सोफ्याची कव्हरं, टॉवेल, आईची चादर आणि हिचा उद्या घालायचा निळा शर्ट, असं सगळं एकत्र धुण्याच्या मशीनमध्ये घातलं आणि बटण दाबलं. ही परत आली तेव्हा गॅलरीत कपडे फडफडत होते.

"अगंबाई! तुम्ही कपडे धुतलेत?"

"तुझी धावपळ बघवत नाही मला."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं हो! एवढी मान्यता मला लग्नानंतर पहिल्यांदाच मिळत होती.

रविवारी सकाळी आईच्या हाकेने जाग आली.

"अरे ऊठ! माझी पाठ बघ! रात्रभर मला काहीतरी चावतंय!"

पाठीवर काही दिसेना. तेवढ्यात ही निळा शर्ट घालून बाहेर आली, आणि चालता चालता दाराच्या चौकटीला पाठ घासू लागली.

"अहो, मलाही काहीतरी होतंय. मानेला, खांद्यांना, सगळीकडे!"

"ढेकूण!" आई गरजली. "परक्याच्या घरातली वस्तू आणलीत ना? झुरळ निघालं तेव्हाच मी म्हटलं होतं!"

आई तेव्हा काहीही म्हणाली नव्हती, पण ती वेळ वाद घालायची नव्हती. मी म्हटलं, आपण आधी आंघोळ करावी. आंघोळ केली, टॉवेलने खसाखसा अंग पुसलं, आणि सगळ्या अंगावर एकदम मुंग्यांची मिरवणूक निघाली! तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ते कपडे वेगळे धुवा. काचेचा बारीक बारीक चुरा मी स्वहस्ते घरातल्या प्रत्येक कपड्यात विणून ठेवला होता!

आता सांगावं, तर मशीनला हात लावल्याचं बाहेर येणार. न सांगावं, तर घर खाजतंय. मी विचार केला, बाई येऊन कॉफी पिऊन जाईपर्यंतचाच तर प्रश्न आहे. तेवढा वेळ ढेकूण काय वाईट? मी मूग गिळून गप्प बसलो. तसाच गप्प राहिलो असतो तर निभावलं असतं, पण उचलली जीभ लावली टाळ्याला!

"जुन्या वस्तूंतून येतात खरे ढेकूण," मी म्हणालो.

झालं! आईला जोर चढला. बघता बघता तिने घरातल्या गाद्या ओढून जिन्यात नेऊन उभ्या केल्या आणि कठड्यावरून खाली हाक मारली, "मास्तर! तुमचा फवारणीचा पंप आणा हो! आमच्याकडे ढेकूण झालेत!" खालच्या मजल्यावरच्या या निवृत्त मास्तरांना दुसऱ्याच्या घरात काही बिघडलं की विलक्षण हुरूप येतो. "आलोच!" असा खालून आवाज आला.

ही बैठकीच्या खोलीत मशीनपाशी उभी होती. एका हाताने कप पुसत होती, दुसऱ्याने दंड खाजवत होती.

"बाईंना फोन करून नको म्हणू का?" तिने विचारलं. "पण मग तो दुसरा घेऊनच जाईल कोपरा."

"वेडी की काय! हे बघ, मशीन कसं सज्ज आहे. दिवा लागलाय, काटा हिरव्यात आहे, आणि आता इथे हात ठेव. ठेव तर!"

तिने वरच्या पत्र्यावर हात ठेवला. "थंड आहे."

"थंडगार आहे! कणभर उष्णता बाहेर येत नाही. याला म्हणतात आवरण!"

तिने माझ्याकडे असं बघितलं, की खाज क्षणभर थांबली.

"तुम्ही हात लावलात?"

आणि दाराची घंटा वाजली.

ग्रंथपालबाई आल्या. सडपातळ, नीटनेटक्या, खांद्याला पिशवी. सगळं आयुष्य वाचनालयात गेल्यामुळे त्या कुजबुजतच बोलतात, आणि त्यांच्यासमोर समोरचाही नकळत कुजबुजायला लागतो.

"जिन्यात गाद्या आहेत," त्या कुजबुजल्या.

"ऊन दाखवतोय," मी कुजबुजलो.

"जिन्यात?"

"तिथलं ऊन कोवळं असतं."

बाई सोफ्यावर बसल्या. ताज्या धुतलेल्या कव्हरांवर! मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा बाई एका हाताने दुसऱ्या हाताचं कोपर खाजवत होत्या. आई भिंतीला पाठ लावून डावीकडून उजवीकडे सरकत होती. ही ताठ उभी होती, पण एका पायाच्या अंगठ्याने दुसरी पोटरी घासत होती. मी खिशात हात घालून मांडी खाजवत होतो. सगळं अगदी शांततेत, कुजबुजत चाललेलं.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं आणि पाठीवर पंप, तोंडाला रुमाल, अशा अवतारात मास्तर आत!

"कुठे आहेत ढेकूण?"

"ढेकूण?" ग्रंथपालबाई ताडकन उठल्या. त्यांचा खरा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. असा खणखणीत, की मास्तरांनी दचकून पंपाची दांडी दाबली आणि फवारा पडद्यावर उडाला. "तुमच्या घरात ढेकूण आहेत? अहो, एक ढेकूण जाड पुस्तकाच्या पुठ्ठ्यात शिरला तर काय होतं माहीत आहे? एकदा भोगलंय मी! सगळं वाचनालय बंद ठेवून एकेक पुस्तक झटकलंय या हातांनी!"

"बाई, बसा तर खरं," आई म्हणाली.

"बसू? परत तिथेच?" बाईंनी पिशवी उचलली आणि हिच्याकडे वळल्या. "माफ करा. तुमची तळमळ दिसत होती मला. पण या घरातून माझ्या वाचनालयात मी काहीही येऊ देणार नाही. तो कोपरा आता त्या दुसऱ्यांना."

हातातला स्वच्छ पुसलेला कप हिने हळूच ताटात उपडा घातला. आयुष्यात एक गोष्ट मागितली होती तिने!

"थांबा!" मी ओरडलो. "ढेकूण नाहीत! मी आहे!"

मास्तरांनी पंपाची नळी सावकाश माझ्याकडे वळवली.

"म्हणजे, खाज माझी आहे! मी ग्लासवूल वापरली. मीच कपडे धुतले. तिचा काही दोष नाही, मशीनचा नाही, झुरळाचाही नाही! घरात एक ढेकूण दाखवा, मी गिळून दाखवतो!"

मी धावत जाऊन कपाटातली उरलेली गुंडाळी आणली आणि सर्वांसमक्ष दंडावर घासली. दंड लालबुंद! मास्तरांना राहवलं नाही, त्यांनीही बोट लावून बघितलं आणि लगेच पंप खाली ठेवून दोन्ही हातांनी खाजवायला लागले. बाईंनी पिशवीतून भिंग काढलं, जुन्या पुस्तकांतला बारीक टाइप वाचायचं. सोफ्याच्या कव्हरावर ओणव्या होऊन त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"कीटक नाही," शेवटी त्या म्हणाल्या. "काच आहे." आणि पुन्हा कुजबुजू लागल्या, तेव्हा माझ्या जिवात जीव आला. "ठीक आहे. कॉफी घेईन. उभ्यानेच घेईन."

"गाढवा!" आई म्हणाली. "मी रात्रभर पाठ खाजवत बसले होते!"

पण मी आता फॉर्मात आलो होतो. झालं गेलं गंगेला मिळालं, निदान आवरणाचं श्रेय तरी पदरात पाडून घ्यावं! मी बाईंना मशीनपाशी नेलं.

"इथे हात ठेवा. थंड आहे की नाही? सगळी उष्णता आत कोंडलेली आहे! हे ज्ञान आहे, बाई. असं मशीन त्या दुसऱ्याकडे नाही!"

"खरंच थंड आहे," बाई म्हणाल्या. जरा प्रभावित झाल्यासारख्या वाटल्या.

हिने कॉफी भरली, दांडा घट्ट फिरवून बसवला, कळ दाबली. मशीन घुरघुरलं. कपात फिकट तपकिरी पाणी पडलं. सभ्य माणसाने घ्यावा तसा बाईंनी एक घोट घेतला.

"ही गारच असते का?"

हिने वाफेची नळी उघडली. वाफ नाही, निःश्वाससुद्धा नाही! तिने नळीला बोट लावलं, मग कपाला, मग माझ्याकडे वळली.

"अहो, हे आतूनही थंड आहे."

"पण दिवा लागलाय!" मी म्हणालो. "आणि काटा हिरव्यात…"

"काटा आणला तेव्हापासून हिरव्यात आहे."

तिने प्लग काढला, भांडी घासायचे रबरी हातमोजे चढवले आणि मागचं झाकण उघडलं. स्वयंपाकातल्या चिमट्याने तिने माझं आवरण ओढून काढलं आणि आईने पुढे केलेल्या पिशवीत कोंबलं. मी पोटच्या पोराकडे बघावं तसा बघत राहिलो. लोकरीच्या तळाशी एक वायर मोकळी लोळत होती.

"ही हीटरची," ती म्हणाली. "उष्णता आधी तयार व्हावी लागते. मग ती धरून ठेवायची."

माझ्या एवढ्या वर्षांच्या नोकरीत हा मुद्दा कधी निघाला नव्हता. आम्हाला उष्णता तयारच मिळते.

तिने वायर खोचली, स्क्रू आवळला, ओल्या फडक्याने आतली भुकटी टिपली, झाकण लावलं, नळांतून ताजं पाणी सोडून सगळं धुऊन घेतलं. हळूहळू मशीन तापलं, कुरकुरलं, फुरफुरलं. मग ती दाट तपकिरी धार आली आणि सगळ्या घरात वास दरवळला. खाजवणारे सगळे हात थांबले. बाईंनी कप घेतला, एक घोट घेतला, मग दुसरा, आणि कप रिकामा होईपर्यंत तो खाली ठेवला नाही.

"त्या गृहस्थांना मी विचारलं होतं," बाई कुजबुजल्या, "यंत्र बंद पडलं तर काय कराल? म्हणाले, कंपनीला फोन करू, माणूस येईल. तुम्हालाही विचारायचं होतं. आता विचारत नाही. उद्या मशीन घेऊन या. आधी धुऊन पुसून."

हिने तोंडावर हात घेतला. ती हसत होती की रडत होती, ते मला कळेना, आणि बहुधा तिलाही कळत नव्हतं. आईने तिला जवळ घेतलं आणि दोघी लगेच एकमेकींपासून दूर झाल्या, कारण निळा शर्ट अजून अंगावरच होता.

आता खरं सांगा, मी वायर विसरलो नसतो, तर हिची करामत बाईंना दिसली असती का? हा सगळा विजय मुळात कुणाचा? बाईंच्याही ते लक्षात आलं असणार, कारण दाराशी जाऊन त्या माझ्याकडे वळल्या.

"तुम्ही आमच्या वाचनालयाचे सभासद आहात?"

मी कॉलर नीट केली. "अजून नाही. पण आपण म्हणत असाल तर आनंदाने…"

"होऊ नका," बाई म्हणाल्या.

काउंटर झोकात चाललंय. गर्दी असते! मला मात्र कॉफी बाहेरूनच मिळते, रस्त्याकडच्या खिडकीतून. माझी तक्रार नाही. हीसुद्धा खिडकी उघडताना हल्ली हसते. फक्त त्या खिडकीच्या चौकटीला खालून ही एवढी फट आहे, आणि तिथून दिवसरात्र किती उष्णता वाया जाते, म्हणून सांगू! मी अजून कुणाला एका शब्दाने बोललेलो नाही. नुसतं माप घेऊन ठेवलंय.